रानभाजी न शिकण्याचे धोके

पहिले चार पाऊस झाले, की रानभाज्यांवर लिहून यायला लागतं. पुरवण्यांत टाकळ्याच्या आणि करटोलीच्या पाककृती येतात, कृषी विभाग ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो, सहली काढणाऱ्या संस्था रविवारची बस भरतात. या सगळ्याच्या मागोमाग, तितक्याच नेमानं, एक आक्षेपही येतो. शहरातल्या आणि शहराळलेल्या माणसांनी या भानगडीत पडू नये, असं तो सांगतो. त्याची कलमं तीन. पहिलं, हा जिवाशी खेळ आहे. एक पान चुकलं तर दवाखाना गाठावा लागेल. दुसरं, आधीच विरळ झालेलं जंगल हौशी लोक ओरबाडून संपवतील. तिसरं, हे आदिवासींचं अन्न आणि आदिवासींचं ज्ञान. पोटभर खाणाऱ्यांनी तिथं हात घालणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास उचलणं.

आक्षेप घेणारी माणसं उथळ नाहीत. त्यांत वनस्पतिशास्त्र शिकवणारे आहेत, जंगलासाठी कोर्टकचेऱ्या केलेले कार्यकर्ते आहेत, विषबाधेचे रुग्ण पाहिलेले डॉक्टर आहेत. म्हणून त्यांना हसून उडवून लावणं योग्य नाही, नीट उत्तर दिलं पाहिजे. माझं म्हणणं एवढंच, की ते दाखवतात ती हानी खरी आहे, पण गुन्हेगार त्यांनी चुकीचा धरला आहे. ही हानी न शिकता खाणारा करतो, न शिकता विकत घेणारा करतो आणि न शिकता फवारणारा करतो. शिकणारा या तिघांत कुठंच बसत नाही.

विषापासून सुरुवात करू, कारण तिथं भीती सगळ्यांत मोठी आहे.

महाराष्ट्रात वनस्पतींच्या विषबाधेची जी बातमी पुन्हा पुन्हा छापून येते, ती रानभाजी खाल्लेल्या हौशी माणसाची नसते, शाळकरी मुलांची असते. शाळेच्या किंवा शेताच्या कुंपणाला लावलेल्या चंद्रज्योतीच्या, म्हणजे मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून पोरं खातात. तासाभरात उलट्या सुरू होतात आणि वर्गातली अर्धी मुलं ग्रामीण रुग्णालयाच्या खाटांवर जातात. हे झाड आपल्या रानातलं नव्हेच. ते अमेरिका खंडातून आलं. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून लोकांनी ते कुंपणाला लावलं, आणि २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीनं जैवडिझेलसाठी त्याच्या मोठ्या लागवडीची शिफारस केली. म्हणजे झाड गावात आणायला सगळे पुढे होते. ते काय आहे हे मुलांना सांगायला मात्र कुणी नव्हतं. या मुलांना कुणी रानभाजी शिकवायला नेलं असतं, तर पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं गेलं असतं, की गुरं ज्या झाडाला तोंड लावत नाहीत त्याला आपणही विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

आक्षेपकांच्या हातातला सगळ्यांत जड पुरावा मात्र वेगळा आहे, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. २०१६ च्या पावसाळ्याअखेरीस ओडिशाच्या मलकानगिरी जिल्ह्यात आदिवासी मुलं एकामागून एक दगावली. आकडा शंभराच्या घरात गेला. सुरुवातीला सगळा दोष मेंदूज्वराच्या साथीला दिला गेला. डॉ. टी. जेकब जॉन यांच्या नेतृत्वाखालच्या तज्ज्ञ समितीनं मात्र यातल्या अनेक मृत्यूंसाठी एका रानटी झुडपाच्या बियांकडे बोट दाखवलं. त्याच झुडपाचा असाच संबंध त्याआधी बिजनोरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम उत्तर प्रदेशातल्या आजारी मुलांच्या बाबतीत दाखवला होता. हे झुडूप म्हणजे आपला कासविंदा. आपल्याकडेही पडीक जमिनीवर, रस्त्याकडेला, टाकळ्याच्या शेजारीच तो उगवतो, आणि टाकळ्याच्या अगदी जवळच्या नात्यातला आहे.

आक्षेपक म्हणतील, बघा, जिथं पिढ्यान्‌पिढ्या रानावर जगणारे चुकले, तिथं तुमचं काय? मी यातून उलटा निष्कर्ष काढतो. मलकानगिरीनं मोडीत काढला तो एक गोड समज: आदिवासी घरात जन्मलं, की झाडं आपोआप कळतात. ज्ञान रक्तातून उतरत नसतं. ते कुणीतरी कुणालातरी दाखवावं लागतं, आणि दाखवणं थांबलं की दोन पिढ्यांत संपतं. वर त्या घरांत भूक होती, मुलं कुपोषित होती, आणि भुकेलं पोर हाताला लागेल ते खातं. टाकळा आणि कासविंदा यांतला फरक तसा अवघड नाही. टाकळ्याच्या पानाला पर्णिकांच्या साधारण तीन जोड्या असतात आणि प्रत्येक पर्णिका टोकाशी गोलसर, रुंद असते. कासविंद्याला जोड्या जास्त, चार-पाच, आणि पर्णिका टोकदार. टाकळ्याची शेंग लांब, बारीक, विळ्यासारखी वाकलेली. कासविंद्याची चपटी, कडेला फिकट रेघ असलेली. हे सांगायला पाच मिनिटं लागतात. पाच मिनिटांचं शिक्षण न मिळाल्यानं काय होऊ शकतं, याचं मलकानगिरी हे उदाहरण आहे. त्यावरचा इलाज म्हणून ती पाच मिनिटंही काढून घ्यावीत असं सुचवणं मला तरी कळत नाही.

दुकानात मिळतं ते सुरक्षित आणि रानात मिळतं ते धोक्याचं, ही विभागणीही तपासून बघण्यासारखी आहे. २०१० मध्ये दिल्लीत दुधीच्या कडू रसानं एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. दुधी ही किती सोज्वळ भाजी! आजारी माणसाला पथ्य म्हणून देतात. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनं काय केलं? दुधी खाऊ नका असं सांगितलं नाही. रस काढण्याआधी फोडीचा छोटा तुकडा चाखा, कडू लागला तर टाकून द्या, एवढं सांगितलं. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतंच. काकडीचं टोक कापून चाखण्याची रीत त्याच शहाणपणातून आली. मंडईतल्या भाजीच्या बाबतीत आपण जो मार्ग सहज मान्य करतो, तोच रानातल्या भाजीच्या बाबतीत बेजबाबदार कसा ठरतो?

खरं तर 'विषारी की खाण्याजोगी' हा प्रश्नच शिकाऊ माणसाचा आहे. जाणकार बाई तो असा विचारतच नाही. ती विचारते, कुठला भाग, कुठल्या महिन्यात आणि काय करून? शेवळ घ्या. मृगाच्या पावसानंतर ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत जांभळट-तपकिरी तुऱ्यांच्या जुड्या येतात. सुरणाच्या कुळातलं ते फूल. पान मागाहून येतं. या तुऱ्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशात टोचतात आणि घसा खाजून लाल होतो. म्हणून विकणारी बाई जुडीसोबत काकडाची हिरवी आंबट फळंही विकायला ठेवते. आतला पिवळा भाग काढायचा, काकडाचा रस किंवा चिंच घालायची, भरपूर शिजवायचं. मग वालाबरोबर, सोड्याबरोबर किंवा कोलंबीबरोबर ते असं काही जमून येतं, की वर्षभर त्याची वाट बघावी. बांबूच्या कोवळ्या कोंबात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. ते चिरून, भिजवून, उकळून, पाणी फेकून मगच खातात. कडूकंद तर कच्चा खाल्ला तर जिवावर बेतेल. त्याच्या पातळ चकत्या करून, उकडून, रात्रभर वाहत्या ओढ्यात टोपलीत ठेवायची रीत आहे. टाकळाही कोवळा असतानाच खातात. फुलावर आल्यावर त्याला कुणी हात लावत नाही.

यातली एकही गोष्ट मोबाइलच्या ॲपमधून कळत नाही. फोटो काढला की ॲप नाव सांगतं, कधी बरोबर, कधी शेजारच्या झाडाचं. बरोबर सांगितलं तरी ते फक्त नाव असतं. महिना, भाग आणि कृती त्या नावाला चिकटून येत नाहीत. त्यामुळे ॲपवर विसंबून रानात शिरणाऱ्याला आक्षेपकांनी जरूर अडवावं, मी त्यांच्या बाजूनं उभा राहीन. एका सकाळी चाळीस झाडं दाखवून, दुपारी जेवू घालून परत आणणाऱ्या सहलीलाही मी शिक्षण म्हणत नाही. आणखी एका बाबतीत माझं त्यांच्याशी पूर्ण एकमत आहे: अळंबी. खाण्याजोगी आणि घातक यांत इतकं साम्य असतं, की नवशिक्यानं त्या वाटेला जाऊच नये. गोव्यात वारुळावर उगवणाऱ्या अळमीबद्दल तर प्रश्न केवळ विषाचाही नाही. ती वाळवीच्या वारुळातल्या बुरशीच्या बागेतून येते, तिची शेती करता येत नाही, आणि श्रावणात ती ज्या भावानं आणि ज्या वेगानं विकली जाते त्यानं तिचं बीज टिकणं मुश्कील झालं आहे. गोवा विद्यापीठातले कवकशास्त्रज्ञ नंदकुमार कामत यांनी याबद्दल वर्षानुवर्षं इशारे दिले आहेत. ते ऐकलेच पाहिजेत.

अळमीमुळे आपण आपोआप दुसऱ्या कलमावर आलो: ओरबाडणं. अळमीचं खरं म्हणून सगळ्या रानभाज्यांचं खरं, असं मात्र होत नाही. ज्या भाज्या मराठी माणूस सर्वांत जास्त खात आला, त्यांची यादी करा. टाकळा, कुर्डू, घोळ, चिवळ, पाथरी, केना, तांदुळजा, चाकवत, आघाडा, आंबुशी. यांतली एकही घनदाट जंगलातली नाही. सगळ्या बांधावरच्या, पडीक वावरातल्या, रस्त्याकडेच्या, उभ्या पिकात उगवणाऱ्या. शेतकऱ्याच्या लेखी त्या तणच. खुरपणीला गेलेल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या त्या उपटत आल्या आणि संध्याकाळी त्यातलीच कोवळी पानं ओटीत घेऊन घरी आल्या. इतकं उपटूनही कुर्डू संपला नाही, तांदुळजा संपला नाही. वर्षाला हजारो बिया टाकणाऱ्या या वनस्पती माणसानं खुडून संपत नसतात.

त्या संपताहेत हे मात्र खरं आहे, आणि कशानं संपताहेत हे शिवारात कुणालाही विचारा. तणनाशकानं. खुरपणीला मजूर मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, म्हणून शेतकरी पाठीवर पंप घेतो. त्याला मी नावं ठेवणार नाही; त्याचा हिशेब त्याला पुरता कळतो. पण 'टू-फोर-डी' मारलं की रुंद पानांच्या सगळ्या वनस्पती जातात, आणि रानातल्या पालेभाज्या बहुतेक रुंद पानांच्याच असतात. ग्लायफोसेटला तर पान रुंद की अरुंद याच्याशी देणंघेणं नाही. त्याच्या वापरावर केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्बंध आणले, की परवानाधारक कीडनियंत्रकांनीच ते फवारावं. पऱ्हाटीच्या शिवारात तो निर्बंध किती पाळला जातो हे विदर्भात वेगळं सांगायला नको. फवाऱ्यातून वाचलेलं रान प्लॉट पाडण्यात जातं. तालुक्याच्या गावाबाहेरचं माळरान बिगरशेती झालं, मुरूम पडला, की तिथली घोळ, पाथरी आणि चिवळ एकदमच गेली. ओरबाडणाऱ्याचा शोध घ्यायचाच असेल तर तो फवारणी पंपाच्या आणि जेसीबीच्या दिशेनं घ्यावा. पिशवीत दोन मुठी टाकळा घेऊन घरी जाणारा माणूस त्या यादीत फार खाली येतो.

जंगलातल्या वनस्पतींची गोष्ट वेगळी, हे कबूल. पण तिथंही 'खुडणं' ही एकच क्रिया नसते. पान खुडलं तर झाड पुन्हा फुटतं. फळ तोडलं तर वेल जगतो, बी मात्र जातं. फूल घेतलं तर त्या वर्षीचं बी मुळातच धरत नाही. आणि कंद खणला तर सगळंच संपतं. फोडशीची कोवळी पानं खाल्ल्यानं ती रानातून गेली, असं कुणी म्हणत नाही. तिच्याच प्रजातीतली सफेद मुसळी, जिच्या शास्त्रीय नावात मुंबईची बोरिवली आहे, ती मात्र पश्चिम भारताच्या रानांतून झपाट्यानं कमी झाली, कारण तिची मुळं औषधाच्या बाजारात सोन्यासारखी विकली जाऊ लागली. तिची भाजी खाणाऱ्यानं ती संपवली नाही. ती संपली शक्तिवर्धक चूर्ण विकत घेणाऱ्यांमुळे, आणि त्यांतल्या बहुतेकांनी ते झाड आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

इथंच आक्षेपकांचा तर्क सर्वांत कच्चा आहे. शिकण्यावर बंदी घातली म्हणून मागणी थांबत नाही. मागणी महोत्सवातून, पुरवणीतून आणि हॉटेलच्या पावसाळी थाळीतून येतच राहते. फरक एवढाच, की ती अडाणी ग्राहकाची मागणी असते. त्याला करटोली वर्षभर हवी असते, कारण तिचा हंगाम केव्हा असतो हे त्याला माहीत नाही. करटोलीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो. फुलं येणारा पण फळ न धरणारा वेल 'वांझ' म्हणून उपटला, तर शेजारच्या वेलालाही फळ धरणार नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. शेवळाची जुडी त्याला मोठी हवी असते, कारण ते फूल आहे आणि प्रत्येक तुऱ्यामागे एका झाडाचं त्या वर्षीचं बी गेलं, हे त्याला ठाऊक नाही. जो शिकला, तो छोटी जुडी घेतो, हंगामातून एकदाच घेतो, आणि जुडीत मुळासकट कंद दिसला तर विकणारीला सांगतो की असं नको आणू. बाजाराला आवर घालणारी माणसं अशीच तयार होतात.

संयम शिकवण्याची रीत आपल्याकडे पूर्वीपासून आहे. वारली आणि कोकणा घरांत नवी भाजी देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायची नाही, असा नेम पाळतात. याला कुणी अंधश्रद्धा म्हणेल. त्याचा व्यावहारिक परिणाम असा, की पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून वर आलेल्या अंकुराला काही दिवस कुणी शिवत नाही आणि त्याला वाढायला वेळ मिळतो. कायदाही आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे राष्ट्रीय उद्यानातून आणि अभयारण्यातून परवानगीशिवाय पानही नेता येत नाही. ते योग्यच आहे. शिकणाऱ्यानं तिथं डोळ्यांनी शिकावं, पिशवी घरी ठेवावी.

आता तिसरं कलम, सगळ्यांत नाजूक. हे आदिवासींचं अन्न आहे, इतरांनी दूर राहावं.

आधी इतिहासाबद्दल. रानातून आणून खाणं ही केवळ आदिवासींची रीत होती, हे खरं नाही. भाद्रपदातल्या ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून जी भाजी शिजते, ती कोकणातल्या ब्राह्मण घरातही शिजते आणि देशावरच्या कुणबी घरातही. नांगरटीवाचून उगवलेलं काय काय खाण्याजोगं आहे, याची वर्षातून एकदा घेतलेली ती उजळणीच होती. आज आपण ती उजळणी मंडईतून तयार वाटा आणून उरकतो. डॉ. जोझे कामिल लिस्बोआ या गोमंतकीय वैद्यानं मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरसाठी वनस्पतींची नोंद केली. ती १८८६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात दुष्काळात लोक कोणत्या रानवनस्पतींवर जगतात याची वेगळी यादी होती. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. ते खाऊन जगलेल्यांत सर्व जातींची गोरगरीब माणसं होती. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात हे ज्ञान होतं. दिवस बरे आले तसं ते गरिबीची खूण म्हणून आपणच टाकून दिलं, आणि आता ते 'त्यांचं' म्हणून आदरानं दूर ठेवतो आहोत.

मग आदिवासींचा घास हिरावतो कोण? २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर, म्हणजे परंपरेनं गोळा करत आलेल्या सगळ्या वस्तूंवर, जंगलवासी समाजाची मालकी मान्य केली. ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावानं २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवून दाखवला. पण अशी मेंढा किती झाली? दावे अडकतात, फेटाळले जातात, नकाशे जुळत नाहीत. घास इथं हिरावला जातो. ज्यांना तिसऱ्या कलमाची खरी चाड आहे त्यांनी आपला जोर इथं लावावा, आणि रान ओळखणारे, त्याची किंमत कळलेले शहरी लोक या लढ्यात त्यांचे साथीदार होण्याची शक्यता जास्त आहे. ज्याला जंगल म्हणजे फक्त हिरवा रंग, तो तिथं खाणीला किंवा रस्त्याला परवानगी मिळाली तरी हळहळून गप्प बसतो.

दुसरी गोष्ट फार कमी बोलली जाते. आदिवासी घरांतूनही हे ज्ञान आता ओसरत आहे, आणि त्याचं एक साधं कारण शाळेच्या वेळापत्रकात आहे. आश्रमशाळा जूनच्या मध्यावर उघडतात. ज्या आठवड्यांत शेवळ येतं, टाकळा कोवळा असतो, फोडशी उगवते, बांबूचे कोंब वर येतात, त्याच आठवड्यांत मुलं आईपासून दूर, वसतिगृहात असतात. ताटात भात, डाळ आणि बटाटा असतो. दिवाळीला पोर घरी येतं तेव्हा पालेभाज्यांचा हंगाम उरकलेला असतो. अशी सात-आठ वर्षं गेली की त्या मुलाला रान हे फक्त शाळेच्या वाटेवरचं दृश्य उरतं. ज्ञान 'त्यांच्याकडेच राहू द्या' म्हणून राहत नाही. ते शिकणारं कुणीतरी लागतं, आणि ज्ञानाला बाहेर मान आहे हे दिसल्याशिवाय घरातलं पोरही ते शिकायला तयार होत नाही. आईला रानभाजी येते याची ज्याला वर्गात लाज वाटली, तो मोठा होऊन ती कुणाला शिकवणार?

या कलमातला एक भाग मात्र मी पूर्णपणे मान्य करतो. जाणत्या बाईला पुढे घालून दिवसभर हिंडायचं, तिच्याबरोबर फोटो काढायचा, तिला एक जेवण आणि साडी द्यायची, आणि पुढच्या वर्षी तिच्या माहितीवर स्वतः कार्यशाळा घ्यायची, फी स्वतः घ्यायची, हा प्रकार चालतो. तो चोरीचाच आहे. पण त्याचा इलाज साधा आहे. ती शिक्षिका आहे, तिला शिक्षिकेचं मानधन द्या. सहलीच्या पत्रकावर, तिची संमती असेल तर, तिचं नाव मार्गदर्शक म्हणून छापा. तिच्याकडून शिकलात तर भाजी तिच्याकडूनच विकत घ्या, तिच्या शेजारी बसून स्वतः विकायला बसू नका. पगाराचा प्रश्न आहे म्हणून विद्यापीठं बंद करा असं कुणी म्हणत नाही. इथं मात्र तेच म्हटलं जातं.

एक चौथा सूरही अधूनमधून ऐकू येतो, की हे सगळं 'सुपरफूड'चं फॅड आहे. त्या फॅडचा मलाही कंटाळा आहे. करटोलीनं मधुमेह जातो आणि घोळीनं हृदय सुधारतं असे फलक लावणाऱ्यांनी रानभाजीचं जितकं नुकसान केलं तितकं टीकाकारांनीही केलं नसेल. पालेभाजी ही पालेभाजी असते. ती चांगली असते, ताजी असते, चवीला वेगळी असते. एवढं पुरे. औषध म्हणून तिच्याकडे बघायला लागलं, की प्रमाण सुटतं आणि पहिल्या कलमातला धोका मागच्या दारानं घरात येतो.

मग मी शिकणं म्हणतो ते काय? एकाच परिसरात किमान एक वर्ष. चाळीस झाडं नकोत. पाच घ्या, पण ती अंकुर असताना, पानावर, फुलावर, शेंगेवर, वाळल्यावर अशी प्रत्येक अवस्थेत ओळखता आली पाहिजेत. पाचांपैकी प्रत्येकाचा फसवणारा शेजारी कोण, तेही आलं पाहिजे. जाणत्या माणसाची खूण आणि पुस्तकातली खूण जुळली, तरच तोंडात घालायचं, तेही शिजवून, पहिल्या खेपेला थोडं. नाल्याच्या कडेचं, रेल्वे रुळाच्या कडेचं आणि फवारलेल्या बांधावरचं घ्यायचं नाही. कंद खणायचा नाही. कुणाच्या बांधावर गेलात तर विचारून. हे नियम काही नवे नाहीत. रानावर जगणाऱ्या घरांत ते न बोलता पाळले जातात. बोलून शिकवावे लागतात ते आपल्याला.

सरकारकडून मागायचं तेही साधंच आहे. रानभाजी महोत्सवातल्या प्रत्येक टोपलीपुढे पाककृतीचा कागद असतो. त्याच्या जोडीला कुठला भाग, कुठला महिना आणि कुणाशी घोटाळा होऊ शकतो, या तीन ओळी लावाव्यात. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगाव लोक जैवविविधता नोंदवह्या तयार झाल्या आहेत, त्या ग्रामपंचायतीच्या कपाटातून बाहेर काढून शाळेत न्याव्यात. आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यातून एकदा गावातल्या बायांनी आणलेली रानभाजी रीतसर विकत घेऊन शिजवावी, आणि ती आणणाऱ्या बाईनंच त्या दिवशी एक तास वर्ग घ्यावा.

आणि आक्षेपकांकडून एकच मागणं. त्यांच्यातल्या अनेकांना झाडं माझ्याहून कितीतरी चांगली कळतात. म्हणून तर त्यांना भीती वाटते. येत्या जूनमध्ये 'रानात जाऊ नका' हे पुन्हा लिहिण्याऐवजी त्यांनी आपल्या जवळच्या कुठल्याही शाळेत एक तास जावं, टेबलावर टाकळा आणि कासविंदा शेजारी शेजारी ठेवावेत, चंद्रज्योतीची एक बी त्यांच्या बाजूला ठेवावी, आणि मुलांना तिघांतला फरक स्वतःच्या बोटांनी शोधायला लावावं. तो तास संपल्यावरही त्यांना वाटलं, की या मुलांना हे कळलं नसतं तर ती जास्त सुरक्षित राहिली असती, तर मी माझा हा सगळा प्रतिवाद मागे घ्यायला तयार आहे.